गावात एक ओटा हवा

"बाई, माझ्या पोराला कुणी काही केलंय का हो?"

शेंगा फोडता फोडता, मान वर न करता त्या आईने विचारलं. पोरगा विशीतला, तालुक्याच्या कॉलेजात जाणारा. चुलत भावाने त्याच्या मोबाइलमधले मेसेज वाचले आणि दिवेलागणीपर्यंत भावकीत बातमी फिरली, की याचं एका मुलावर प्रेम आहे. देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले, अमावस्येला लिंबू उतरवून झालं. आता मामा स्थळ घेऊन आला होता. मी त्या पोराची प्राथमिक शाळेतली बाई, म्हणून मला बोलावणं आलं होतं.

माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "धीर धरा, होईल सगळं ठीक," असं म्हणून मी उठले. ठीक म्हणजे काय, ते तिला कळलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. चार दिवसांनी परत गेले, तेव्हा थोडी विचारपूस करून, थोडं वाचून गेले. त्यानंतर काही घरांत वेळेवर पोचले, काही ठिकाणी उशीर झाला. या सगळ्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, सरपंच यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांच्यासाठी.

शहरात संस्था आहेत, मोर्चे निघतात, गर्दीत मिसळून जाता येतं. गावात एसटीतून कोण कुणाबरोबर उतरलं ते टपरीवरचा चहा निवायच्या आत कळतं. म्हणून शहरातले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मात्र गावात प्रत्येक माणूस कुणाचा तरी कुणीतरी लागतो. इथलं काम याच नात्यांना धरून करावं लागतं, आणि त्याची सुरुवात एका घरापासून होते. ज्या घराच्या ओट्यावर असं पोर येऊन बसलं तर त्याला कुणी उठवणार नाही, असं एक घर. ते तुमचं कसं होईल, ते सांगते.

आधी शब्द

या विषयाला गावात शब्द आहेत, पण सगळे शिवीचे. बायल्या, छक्का, हिजडा. ज्याला स्वतःबद्दल सांगायचं असतं त्यालाही शिवीच उचलावी लागते, म्हणून तो गप्प बसतो. तेव्हा आधी चार साधे शब्द शिकून घ्या. ज्या पुरुषाला पुरुषाची किंवा ज्या बाईला बाईची ओढ वाटते ती व्यक्ती समलैंगिक. दोघांचीही वाटते ती उभयलैंगिक. जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झाली पण आपण बाई आहोत हे जिला आतून पक्कं ठाऊक असतं, किंवा याच्या उलट, ती पारलिंगी. सरकारी कागदावर तिथे तृतीयपंथी हा शब्द येतो. आणि जिचं शरीरच जन्मतः ठरलेल्या मुलगा-मुलगी या साच्यात बसत नाही ती आंतरलिंगी.

या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. मुलगा समलैंगिक आहे असं कळलं की घरच्यांना वाटतं, आता हा साडी नेसणार, टाळ्या वाजवत फिरणार. समलैंगिक पुरुष पुरुषच असतो. तो ट्रॅक्टर चालवतो, तालमीत जातो, भजनात पखवाज वाजवतो. तुम्ही त्याला रोज भेटता. आणि नाजूक चालीचा प्रत्येक मुलगा समलैंगिक असतो असंही नाही.

हा आजार नाही, हे ठामपणे सांगता यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली तेच जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा संबंध गुन्हा ठरवणारं जुनं ३७७ कलमच नाही. या तारखा पाठ ठेवा, कारण त्या असल्या की आपला आवाज डळमळत नाही. समोरच्याचं मन मात्र तारखांनी बदलत नाही. शेतकऱ्याशी बोलताना मी पपईच्या बागेचं उदाहरण देते. पपईत नर झाड असतं, मादी असतं आणि दोन्ही अंगं असलेलं उभयलिंगी झाडही असतं, हे बाग लावणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. लांबट, बाजारात चालणारं फळ येतं ते याच उभयलिंगी झाडाला. माणूस म्हणजे पपई नव्हे, पण निसर्गाने दोनच खण पाडलेले नाहीत एवढं त्याला पटतं, आणि पुढचं बोलणं सुरू होतं.

आपली जीभ

१५ ऑगस्टच्या लेझीम पथकात सातवीतला एक मुलगा होता. त्याची लय सगळ्यांत पक्की. कमरेत लवून, पाऊल उचलून तो असा गिरकी घ्यायचा की हलगीवालाही त्याच्याकडे बघून ठेका धरायचा. एका शिक्षकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "काय रे, तमाशात जायचंय का?" पोरं हसली. मी तिथेच होते, काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मागच्या रांगेत उभा होता. हात हलत होते, पाय हलत नव्हते. पुढच्या वर्षी त्याने नावच दिलं नाही.

त्या क्षणी काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवायला हवं होतं, कारण ऐन वेळी सुचत नाही. आता मी ठरवून ठेवलं आहे. शाळेत म्हणते, "त्याची लय बघा, शिका त्याच्याकडून." कुणी बायल्या म्हणून हाक मारली तर, "त्याला आईबापाने नाव ठेवलंय, त्या नावाने बोलव." पारावर कुणाची टवाळी चालली असेल तर, "त्याने आपलं काय घेतलंय? सोडा की." एवढंच. लांबलचक सांगायला जाऊ नका. गावात चारचौघांसमोर कुणी माघार घेत नाही. तिथे वाद घातला तर तो माणूस आपली बाजू आणखी घट्ट धरतो. चारचौघांत फक्त थांबवायचं. समजवायचं ते नंतर, त्याला एकट्याला गाठून, विहिरीवर किंवा बाजाराच्या वाटेवर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या चालण्याचा व्हिडिओ आला तर ग्रुपवर भांडू नका. ॲडमिनला फोन करा आणि काढायला लावा.

आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे गावाला आपल्या बोलण्यातून सहज कळत राहिलं पाहिजे. टीव्हीवर, सिनेमात विषय निघतोच. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र, अशी ती गोष्ट. त्याबद्दल तुम्ही चार माणसांत आपुलकीने बोललात, तर ऐकणाऱ्यांत एखादा असा असतो जो तुमचा ओटा लक्षात ठेवतो.

कुणी येऊन सांगितलं तर

तो सरळ सांगत नाही. आधी चाचपतो. "माझा एक मित्र आहे, त्याचं असं आहे," अशी सुरुवात होते. "तो मित्र म्हणजे तूच ना?" असं विचारू नका. मित्राबद्दलच बोला, मित्राला काय मदत लागेल ते विचारा. कधी तिसऱ्या भेटीत, कधी वर्षाने तो मित्र बाजूला होतो.

मग पहिलं वाक्य असावं, "सांगितलंस ते बरं केलंस." त्यानंतर ऐकायचं. "नक्की का?", "हे वयच असं असतं", "लग्न झालं की जाईल" ही वाक्यं तोंडात आली तरी गिळा. ऐकून झाल्यावर तीन गोष्टी मात्र जरूर विचारा. आणखी कुणाला माहीत आहे? घरी मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती आहे का? आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरेल असं वाटतं. तसं होत नाही; उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. आपल्याकडे फवारणीची औषधं गोठ्यात, माळ्यावर, कधी न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेली असतात. त्या घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ती कुलपात ठेवायला लावा; कारण विचारलं तर लहान मुलांचं द्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुमच्या मोबाइलवरून, तुमच्यासमोर करू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याने सांगितलेलं तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, मुख्याध्यापकांना नाही, त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. भावकीत एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. एका चांगल्या मनाच्या ताईंनी मुलाच्या काळजीपोटी त्याच्या मोठ्या बहिणीला विश्वासात घेतलं. बहिणीने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने सासऱ्याला. आठव्या दिवशी मुलाचं कॉलेज बंद झालं. ताईंचा हेतू वाईट नव्हता. पण ते गुपित त्यांच्या मालकीचं नव्हतं. कुणाला सांगायचं असेल तर आधी त्याला विचारा: कुणाला सांगू, किती सांगू, काय सांगू नको?

भेटायचं कुठे, हाही गावातला खरा प्रश्न. बंद खोलीत भेटलात तर वेगळी कुजबुज सुरू होते. चारचौघांना दिसेल असं कारण हवं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय, पुस्तक परत द्यायचंय, मुलाची शिकवणी घ्यायचीय. ओटा त्यासाठीच बरा. सगळ्यांना दिसतो आणि बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

घरी सांगावं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. घाई करू नका. "खरं कधीतरी सांगावंच लागेल," असा दबाव आपण टाकू नये, कारण त्याचा परिणाम आपल्याला सोसावा लागत नाही. तो पायावर उभा असेल तर बरं. सणाला, जत्रेला घर भरलेलं असताना नको. आधी एकाच माणसाला सांगावं, बहुतेकदा बहीण किंवा आत्या. सांगायच्या आधी रात्री जायला एक ठिकाण ठरलेलं असावं, आणि आधार कार्ड, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक यांच्या प्रती बाहेर कुठेतरी सुरक्षित असाव्यात. माझ्या कपाटात अशी दोन पाकिटं आहेत. ती उघडायची वेळ येऊ नये असं रोज वाटतं.

आई, वडील आणि मामा

आई विचारते, "माझं काय चुकलं?" तिला लगेच माहिती देऊ नका. आधी एवढंच सांगा, की तुझं काही चुकलं नाही, कुणी करणी केलेली नाही, पोराने हे ठरवून केलेलं नाही. तिला खरी गरज असते ती दुसऱ्या आईची, जी याच वाटेने गेली आहे. तशी आई जवळपास नसेल तर तुम्ही पुन्हा पुन्हा जा. एका भेटीत काही होत नाही. वडील बहुधा बोलत नाहीत. ते शेतावर जास्त वेळ काढू लागतात, जेवायला उशिरा येतात. त्यांच्याशी त्यांच्या मानाच्या माणसाने बोलावं: वस्ताद, जुने गुरुजी, गुरांचे डॉक्टर, वारीतला सोबती.

आणि मामा. आपल्याकडे लग्नाच्या बाबतीत मामाचा शब्द चालतो, म्हणून मामा वळला तर निम्मं काम होतं. "लग्न लावलं की सुधारेल" हा सगळ्यात घातक उपाय आहे, कारण त्यात दोन आयुष्यं जातात. एक मुलाचं, आणि एक त्या मुलीचं, जिला यातलं काहीच माहीत नाही. पहिल्या वर्षी ती स्वतःला दोष देते. दुसऱ्या वर्षी सासू तिला दोष देते. मूल होत नाही म्हणून तिला दवाखाने दाखवले जातात. या मुलीच्या वतीने बोलणारं त्या बैठकीत कुणीच नसतं, तेव्हा तुम्ही बोला.

चार दिवसांनी मी त्या घरी परत गेले तेव्हा मामा सोप्यात बसला होता. माझं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. शेवटी मी विचारलं, "भाऊ, सगळं माहीत असून तुम्ही तुमची स्वतःची लेक याला द्याल का?" आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न त्याला हवेतला वाटला नाही. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग टोपी घातली आणि काही न बोलता निघाला. दुसऱ्या दिवशी स्थळाला नकार कळवल्याचा निरोप आला. त्यानंतर मी हा प्रश्न तीन घरांत विचारला आहे.

लग्न लगेच मोडता येत नसेल तर वेळ मागा. भरतीची परीक्षा, पदविका, नोकरी कायम होणं; दोन वर्षं मिळाली तरी मुलगा बाहेर पडून कमवायला लागतो.

मुलींकडे दोन वर्षं नसतात. समलैंगिक मुलगी गावात कुणाला दिसतच नाही. दोघी जिवलग मैत्रिणी म्हणून सगळे कौतुक करतात. आणि कळलं की पंधरा दिवसांत फोन जातो, कॉलेज जातं, साखरपुडा उरकतो. तिथे पाहत बसू नका. वय अठराच्या आत असेल तर तो बालविवाह. गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे आपलेच ग्रामसेवक, आणि मुलांसाठीचा क्रमांक १०९८. अठरा पूर्ण असतील आणि घरात मारहाण, डांबून ठेवणं चालू असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लेकीलाही लागू होतो, फक्त सुनेला नाही. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ वर फोन करता येतो. सज्ञान मुलीने कुणाबरोबर राहायचं हे तिचं ती ठरवू शकते. ती घर सोडून गेली तर घरचे हरवल्याची तक्रार देणारच. तिला सांगून ठेवा, की लपून राहू नकोस. वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि मी राजीखुशीने आले असा जबाब दे. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती फुकट देते. देशभराचा क्रमांक १५१००.

देवऋषी आणि दवाखाना

देवऋषाकडे नेणं थांबवताना देवाला हात घालू नका. तिथे सगळं घर तुमच्या विरोधात जातं. "नवस बोला, पण पोराला मारू देऊ नका," इथून सुरुवात करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात मारणाऱ्याला शिक्षा होते. हे देवऋषाला नुसतं कळवलं तरी पुष्कळदा काम होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक तालुक्यांत आहेत, त्यांना बोलवा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आणखी एक वाट असते. मुलाच्या केसांत जट झाली, चाल नाजूक आहे, म्हणजे यल्लमाचं बोलावणं आहे असं ठरवून त्याला जोगता करतात. गाव मग त्याच्या पाया पडतं, परडीत पीठ घालतं. याला कुणी स्वीकार म्हणू नये असं मला वाटतं. त्याची शाळा सुटते, आणि मंगळवार-शुक्रवार सोडले तर त्याला कुणी घरात घेत नाही. त्याला देवीची भक्ती करायची असेल तर करू द्या, पण मोठा झाल्यावर आणि शिकून.

डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा, "तुम्ही हे बदलायचा उपचार करता का?" हो म्हणाले तर तिथे जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असा उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. गोळ्या, शॉक, इंजेक्शनं यांनी ओढ बदलत नाही. फक्त मुलगा खचतो आणि घरचे कर्जात जातात. आशाताईंनी हेही माहीत करून घ्यावं, की केंद्राच्या किशोर आरोग्य कार्यक्रमात २०१७ साली आलेल्या 'साथिया' या प्रशिक्षण संचातच वयात येताना समलिंगी व्यक्तीबद्दलही ओढ वाटू शकते, असं लिहिलेलं आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या किशोरांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये हे बोलायची सोय असायला हवी. नसेल तर मागा.

नवजात बाळाच्या अंगावरून मुलगा की मुलगी हे ठरत नसेल, तर आशाताईचं पहिलं काम म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतली गर्दी कमी करणं. दुसरं, बाळाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेणं, कारण अशा काही बाळांच्या शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होतं. उलट्या, दूध न ओढणं, मलूल पडणं ही धोक्याची लक्षणं असतात आणि उपचार तातडीने लागतो. तिसरं, केवळ अंग मुलासारखं किंवा मुलीसारखं दिसावं म्हणून कुणी शस्त्रक्रियेची घाई केली तर थांबायला सांगणं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडूत जिवाला धोका नसताना बाळांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी आहे. मूल मोठं होऊन स्वतः सांगेल, तोवर थांबता येतं.

मारहाण, खंडणी, बहिष्कार

तालुक्याच्या गावात आता एक प्रकार सर्रास चालतो. ॲपवर ओळख काढायची, माळावर बोलवायचं, चार जणांनी घेरून व्हिडिओ काढायचा आणि "घरी दाखवू" म्हणून पैसे उकळायचे. पोरगं गप्प राहून शेळी विकतं, बहिणीचे दागिने मोडतं. असं कुणी तुमच्याकडे आलं तर पहिलं सांगा, की आणखी एक रुपयाही देऊ नकोस; एकदा दिले की मागणी थांबत नाही. मेसेज पुसू नको, स्क्रीनशॉट काढ, पैसे पाठवल्याची नोंद ठेव. गुन्हा खंडणीचा आहे आणि तो त्यांनी केला आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवा. पोलीस ठाण्यात त्याला एकट्याला पाठवू नका. सोबत जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कुणी तिथे अजून ३७७ ची भीती घातली तर शांतपणे सांगा, ते कलम आता नाही.

जातपंचायतीने किंवा भावकीने घर वाळीत टाकलं, मर्तिकाला खांदा द्यायचा नाही, लग्नाला बोलवायचं नाही असं ठरवलं, तर आपल्या राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि लैंगिकतेवरून समाजातल्या माणसात भेद करणंही त्यात येतं. तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा २०१९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्यांचं ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. त्या दिवशी लागू असलेले नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच अर्ज भरा. कायद्याचं नाव घ्यायचं ते मात्र समेटाचे सगळे मार्ग बघून झाल्यावर. जिवाला धोका असेल तर थांबू नका, ११२ फिरवा.

शाळा आणि ग्रामसभा

शाळेत फार काही लागत नाही. मुलामुलींच्या रांगा कायम वेगळ्या लावायच्या नाहीत. शौचालयात कुणाला घेरलं जातं का, यावर मधल्या सुट्टीत एका मोठ्या माणसाचं लक्ष हवं. छळ तिथेच होतो. एखादं मूल अचानक पाणी प्यायचं बंद करतं, कारण त्याला शौचालयात जायची भीती वाटते. हे लक्षण मला फार उशिरा कळलं.

ग्रामसभेत एकदम हा विषय मांडला तर हशा होतो आणि वर्षभर कुणी तोंड उघडत नाही. तिथे वळणाने जावं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिव्या द्यायला बंदी केली आणि ५०० रुपये दंड ठरवला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद केल्या, आणि पुढे राज्य सरकारने इतर गावांना त्याच वाटेने जायला सांगितलं. म्हणजे गाव ठरवू शकतं. ठराव असा ठेवा: "गावात कुणालाही शरीरावरून, चालण्याबोलण्यावरून, लग्न न करण्यावरून हिणवलं जाणार नाही, शाळा, पाणवठा, देऊळ, रेशन दुकान इथे कुणाची अडवणूक होणार नाही." यात एकट्या राहिलेल्या बाया येतात, अपंग माणसं येतात, आणि तीही मुलं येतात ज्यांच्यासाठी आपण हे करतो आहोत. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा, त्यातली एक महिला बचत गटाची असू द्या.

"असल्या माणसाला गाव मानणार नाही" असं कुणी म्हणालं तर माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ सांगा. तिथे २०१७ मध्ये लोकांनी ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगावजवळच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज अधिकाऱ्यांनी बाद केला होता. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना उभं राहू दिलं आणि त्या निवडून आल्या. मतं दिली ती आपल्यासारख्याच माणसांनी, बोटाला शाई लावून.

त्या शेंगा फोडणाऱ्या आईचा मुलगा आता पुण्याला नोकरी करतो. वडील अजून त्याच्याशी फारसं बोलत नाहीत, पण तो आला की त्याच्या गाडीला सावलीत जागा करून देतात. मामाने अजून त्याच्या घरी पाऊल ठेवलेलं नाही. परवा पलीकडच्या वाडीतली एक बाई त्या आईकडे आली, तोच प्रश्न घेऊन. ओट्यावर हरभरा निवडणं चालू होतं. दुसरं सूप पुढे सरकवून तिने त्या बाईला बसायला सांगितलं, आणि दोघी अंधार पडेपर्यंत निवडत बसल्या.